लग्न कुणाच्या बापाचं?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टाला लिहून दिलं : समलिंगी लग्नाची मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचं मत. असं का? मग कळंब-भूम-परंड्याच्या वस्तीत जन्मलेलं असं पोर कुठल्या बंगल्यातलं?

एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे संघवाले आणि जमियत उलेमा-ए-हिंद या मुद्द्यावर एका पंगतीला बसले. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीश म्हणाले, लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा संसदेनं करावा.

लग्नावर पहारा बसवला की जात टिकते, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडलं. जात मोडायला मिश्रविवाह सांगणारं त्यांचं भाषण १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानंच बंद पाडलं. त्यांनी ते स्वतः छापलं. त्याआधी १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला. वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधही होते. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. खटला हरला, पण कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते बाबासाहेबांनी दाखवून दिलं.

आपल्यातलेच काही म्हणतात, "आधी जातीचं बघू, हे थेरं नंतर." अरे, गावकुसाबाहेर काढलेल्यानं दुसऱ्याला घराबाहेर काढायचं? परजातीत लग्न केलं म्हणून पोरीचा गळा दाबणारे हातच इथंही पुढं येतात.

बोलू द्या. लिहू द्या. ज्याला ज्याच्यासंगं नांदायचं, नांदू द्या. १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी आपण धर्माला विचारून प्यालो नव्हतो.