ग्रंथसंग्रहाचा परीघ वाढावा

डॉ. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून मुलांच्या हाती पुस्तके दिली जातात, वाचनाचे महत्त्व सांगणारी भाषणे होतात. मात्र हा उत्साह ओसरल्यावर घरातील पुस्तकांच्या कपाटाकडे नजर टाकली तर काय दिसते? मध्यमवर्गीय कुटुंबात स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, दोन-चार कादंबऱ्या आणि यशाचे मंत्र सांगणारी भाषांतरे. कार्यकर्त्याच्या घरी छत्रपती शिवाजी महाराज, स्वातंत्र्यवीर सावरकर, डॉ. हेडगेवार व श्रीगुरुजी यांची चरित्रे आणि संघटनेचे वैचारिक साहित्य. हे दुसरे कपाट संस्कारांच्या दृष्टीने निश्चितच समृद्ध आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे राष्ट्रकार्याला परवडणारे नाही.

या भूमीची ज्ञानपरंपरा एवढी संकुचित कधीच नव्हती. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले, तेव्हा त्यांचा अभ्यास केवळ गीतेवरील भाष्यांपुरता मर्यादित नव्हता. कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचे सिद्धान्त त्यांनी तपासले, त्यांतील ग्राह्य ते घेतले, त्याज्य ते सप्रमाण खोडले आणि मगच कर्मयोगाची मांडणी केली. याच टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' या ग्रंथात वेदांच्या कालनिर्णयासाठी खगोलशास्त्राचा आधार घेतला होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनाखंडांत 'वेदविद्या' आहे, तसाच 'विज्ञानेतिहास'ही आहे. जगाचे ज्ञान मराठीत आल्याने स्वत्व पातळ होईल, अशी भीती या ज्ञानर्षींच्या मनाला शिवली नाही.

आज भीती आहे ती निराळीच. भ्रमणध्वनीवर येणारे निरोप हेच अनेक घरांत इतिहासाचे आणि विज्ञानाचे पाठ्यपुस्तक होऊन बसले आहेत. प्राचीन भारताच्या वैभवाचे अतिरंजित दावे मोठ्या अभिमानाने पुढे पाठविले जातात आणि एखाद्या अभ्यासकाने पुरावा विचारताच तो अभिमान कोसळतो. याउलट धर्मपाल यांचे कार्य पाहावे. ब्रिटिशपूर्व भारतातील विज्ञान, तंत्रज्ञान व शिक्षणव्यवस्थेविषयीचे त्यांचे ग्रंथ खुद्द ब्रिटिशांच्या दप्तरांतील नोंदींवर उभे आहेत. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ब्यूटिफुल ट्री' या ग्रंथात त्यांनी मद्रास इलाख्यातील देशी पाठशाळांची माहिती तत्कालीन सरकारी पाहणीतूनच पुढे आणली. राष्ट्राभिमानाला कागदपत्रांचा आधार मिळाला की, त्याची दखल विरोधकालाही घ्यावीच लागते.

म्हणूनच ग्रंथांची निवड हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. इतिहासाचा ग्रंथ घेताना त्याला अस्सल साधनांचा आधार आहे का, संदर्भसूची आणि विषयसूची दिली आहे का, हे पाहिले पाहिजे. विज्ञान आणि अर्थकारण यांवरील पुस्तकांचे प्रकाशनवर्ष पाहावे. कारण या क्षेत्रांतील माहिती लवकर जुनी होते. लेखकाचा त्या विषयातील अधिकार कोणता, याचीही चौकशी करावी. कपाटात इतिहासाशेजारी अर्थशास्त्र, राज्यघटना, शेती, पाणी, आरोग्य आणि निसर्ग यांनाही जागा हवी. ज्या सह्याद्रीच्या कुशीत शिवरायांनी स्वराज्य उभारले, त्या सह्याद्रीची आजची अवस्था सांगणारा, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा २०११ चा अहवाल किती दुर्गप्रेमींनी वाचला आहे?

याहून कठीण कसोटी आहे ती न रुचणाऱ्या ग्रंथांची. समरसतेच्या कार्यक्रमात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करणाऱ्याने त्यांचे १९३६ चे 'जातिप्रथेचे निर्मूलन' मुळातून वाचले पाहिजे. ते मनाला बोचले, तरीही वाचले पाहिजे. त्याच बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हे ठाऊक झाले म्हणजे त्यांना एका समाजाच्या चौकटीत कोंडण्यातील चूकही उमगेल. सावरकरांची प्रतिमा ज्यांच्या दिवाणखान्यात आहे, त्यांतील कित्येकांनी त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध उघडलेले नसतात. रूढींवरील त्यांचे प्रहार झेलण्याची तयारी नसेल, तर ती भक्ती प्रतिमेपुरतीच ठरते.

विरुद्ध विचार वाचल्याने तरुणांची निष्ठा डळमळेल, अशी शंका काही ज्येष्ठ व्यक्त करतात. ही शंका कळकळीतून आलेली असली, तरी अनुभव वेगळा आहे. घरात एकच बाजू ऐकलेला मुलगा महाविद्यालयात जातो आणि तेथे दुसरी बाजू त्याच्यापुढे प्रथमच येते. मग तो एक तर निरुत्तर होतो, नाही तर आवाज चढवतो. दोन्ही प्रकारांत हानी विचाराचीच होते. प्रश्न घरातच, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने भेटले, तर उत्तरे शोधण्याचे बळही घरातच मिळते.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले; त्यांतील अनेक ग्रंथालये आज वाचकांची वाट पाहत आहेत. प्रत्येक कुटुंबाने जवळच्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे, दर महिन्याला एक ग्रंथ आपल्या नेहमीच्या विषयाबाहेरचा आणावा आणि रात्रीच्या जेवणानंतर त्यावर घरात चर्चा करावी. शाखेच्या बौद्धिक वर्गातही वर्षातून काही वेळा अशा ग्रंथांचा परिचय व्हावा. परमवैभवाचे स्वप्न पाहणाऱ्या संघटनेचा कार्यकर्ता आपल्या विषयात जेवढा पक्का, तेवढाच इतर विषयांत जाणता असला पाहिजे. त्याचा आरंभ घरातील कपाटापासून करता येईल.