गुणी बाळ

आपल्याकडे बाळाच्या गुणीपणाची व्याख्या ठरलेली आहे. रडत नाही, रात्री उठवत नाही, पाळण्यात टाकले की पडून राहते. झाले! चार बायका "किती ग शांत!" म्हणून जातात आणि घरचे सुखावतात.

माझ्या भाचीच्या मुलीची तिसऱ्या दिवशी टाच टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतले, तेव्हा आमच्या अक्काने दवाखाना डोक्यावर घेतला. "एवढ्याशा जिवाला सुई कशाला? चांगली गुणी आहे पोर!" अहवाल आला : थायरॉइड ग्रंथी जवळजवळ काम करीत नव्हती.

परिभाषाकोशात तिला 'अवटू ग्रंथी' म्हणतात. कोशाबाहेर हे नाव कोणी उच्चारीत नाही, हा भाग वेगळा. गळ्यातल्या या ग्रंथीचा रस पहिली दोन-तीन वर्षे मेंदूच्या वाढीला हवाच असतो. पोटात असताना आईचा रस थोडाफार पोचतो, म्हणून मूल जन्मतः चारचौघांसारखेच दिसते. मग कावीळ रेंगाळते, शौचाला खडा होतो, बेंबी फुगते, आवाज घोगरा होतो, दूध पितापिताच डोळा लागतो. ही लक्षणे ठळक होईतो मेंदूचे नुकसान होऊ लागलेले असते. यासाठीच १९७०च्या दशकात कॅनडातील क्वेबेक प्रांतात ज्याँ द्युसो यांनी टिपकागदावरच्या थेंबावरून सरसकट नवजात मुले तपासण्याची वाट पाडली. मेंदूकडून या ग्रंथीला हाकारणारे टीएसएच नावाचे द्रव्य जन्मानंतर काही काळ आपसूकच चढलेले असते. म्हणून शक्यतो दोन दिवस थांबून रक्त घेतात.

उपचार म्हणाल तर रोज थायरॉक्सिनची एक गोळी, चमच्यात कुस्करून थोड्या आईच्या दुधात. दुधाच्या बाटलीत टाकू नये. बाटली अर्धी उरली तर औषधही अर्धेच उरते. लोहाच्या वा कॅल्शियमच्या औषधाबरोबरही देऊ नये. पहिल्या दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर बहुतेक मुले इतरांसारखीच शिकतात-सवरतात.

आपल्या सगळ्याच प्रसूतिगृहांत ही तपासणी आपण होऊन होत नाही. विचारावी लागते, आणि बाळंतिणीच्या गडबडीत विचारायचे कोणी, हाच प्रश्न!

महिन्याभरात पोर रात्री घर जागवू लागली. अक्का म्हणाली, "आता बरी झाली, गोळी बंद करा." डॉक्टरांनी साफ नकार दिला. तीन वर्षे एक दिवसही खंड नाही. पुढे त्यांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पुन्हा रक्त तपासायचे, आणि ग्रंथी तरीही मुकीच असली तर जन्मभर गोळी.