दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी : ठेवायची की काढायची?

बुलढाणा जिल्ह्यात 2010-11 च्या सुमारास घेतलेल्या एमएच-28 पासिंगच्या खासगी गाड्यांना आता 15 वर्षे पूर्ण होत आहेत. अनेकांच्या मीटरवर दीड-दोन लाख किलोमीटर पडले आहेत. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, उपकरही गेला. साहजिकच मलकापूर, खामगावपासून मेहकरपर्यंत घराघरांत एकच चर्चा आहे : जुनी काढून नवी घ्यायची का?

आधी एक गैरसमज दूर करू. 15 वर्षे झाली की गाडी भंगारात, हा नियम आपल्याकडे नाही. दहा वर्षांची डिझेल आणि 15 वर्षांची पेट्रोल गाडी, ही मर्यादा दिल्ली-एनसीआरपुरती आहे. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवून आरसी पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल 2022 पासून कारसाठी ही फी 5,000 रुपये आहे. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरील कारला 10,000 रुपये लागतात. शिवाय पर्यावरण कर वेगळा. मात्र आरसी संपलेली गाडी रस्त्यावर आणू नका. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

मीटर नव्हे, इंजिन बघा

हायवेवर चाललेले दोन लाख किलोमीटर आणि राजूर घाटात, गावातल्या खड्ड्यांत चाललेले एक लाख, यांत फरक आहे. क्लच प्लेट, सस्पेन्शन, बॅटरी, टायर ही झिजणारीच कामे आहेत. त्यासाठी गाडी काढायची गरज नाही. पण सायलेन्सरमधून सतत निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतेय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला तर पाणी आत शिरत असण्याची शक्यता आहे. चेसिस गंजून खात चालली असेल तर खर्च करून फायदा नाही. आपल्या मिस्त्रीशिवाय दुसऱ्या गॅरेजमध्येही एकदा दाखवून घ्या. जुन्या गाडीत 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे रबरी पाइप लवकर खराब होऊ शकतात, तेही तपासा.

खरा हिशोब व्याजाचा

समजा, सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण 12,600 रुपये, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या वर. पाच वर्षांत नुसते व्याजच दीड लाखाहून जास्त जाते. जुन्या गाडीची दुरुस्ती वर्षाला 40-50 हजारांत भागत असेल, तर पैशाच्या हिशोबाने जुनीच परवडते. आणि ज्या घरात सूद टाळायचा प्रयत्न असतो, तिथे प्रश्न फक्त पैशाचा राहत नाही. अशा घराने हप्त्याइतकी नाही, निम्मी रक्कम जरी दरमहा बाजूला ठेवली, तरी पाच वर्षांत पावणेचार लाख जमतात. त्यात चांगली सेकंडहँड गाडी रोखीने येते. शेजाऱ्याने घेतली म्हणून किंवा लग्नात मिरवायला नवी गाडी, हा इसराफच.

जिवाचा हिशोब वेगळा

मात्र एका ठिकाणी काटकसर चालत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या सिंदखेडराजा, मेहकर तालुक्यांतून जातो. तिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात झिजलेले, जुने टायर फुटतात. पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग 2022 पासून सर्वच नव्या कारना सक्तीच्या झाल्या. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत त्या नाहीत. अम्मी-अब्बांना दवाखान्यासाठी वारंवार अकोला, औरंगाबादला न्यावे लागत असेल आणि गाडी दर दोन महिन्यांनी रस्त्यात दगा देत असेल, तर ती बदललेलीच बरी.

विकताना

मीटर मागे फिरवणे, इंजिनचा दोष लपवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय अशी कमाई हलाल नाही. दोष सांगूनच विका, आणि आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करा. नाव बदलले नाही, तर त्या गाडीच्या अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते.

थोडक्यात : वर्षभराची दुरुस्ती गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली, चेसिस गंजली किंवा गाडीवर भरवसा उरला नाही, तर काढा. नाहीतर टायर-ब्रेक नवे करा, आरसी वाढवा आणि बेफिकीर चालवा... पण सावकाश.