आधी नांगर, मग पाना

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना कुणी यंत्राच्या बिघाडाचे रडगाणे गावे, हे शोभत नाही. पण या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. शिवणयंत्र, टेबलपंखा, पाण्याचा पंप असे करीत करीत यंदा मी थेट समुद्रावर येऊन ठेपलो आहे. त्याला कारण आमचे मेव्हणे.

मेव्हण्यांपाशी २२ फुटी शिडाची नाव आहे. शीड असले तरी तिच्या पिछाडीला पेट्रोलवर चालणारे ६ अश्वशक्तीचे इंजिन टांगलेले असते. त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड या अमेरिकन कारागिराने १९०९ साली अशा मोटरी विकायला काढल्या, तेव्हा त्या अवघ्या दीड अश्वशक्तीच्या होत्या. वारा पडला की नाव घरी आणायची, एवढेच शिडाच्या नावेत तिचे काम. घरातल्या मेणबत्तीसारखे तिचे नशीब. एरवी तिला कुणी विचारीत नाही, आणि दिवे गेले की सगळे तिलाच शोधतात.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही या नावेतून मांडव्याला गेलो होतो. मेव्हणे, त्यांची बारा वर्षांची मुलगी, आमची सौ. आणि मी. परत निघालो तो तासाभरात वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. ऊन कलले होते आणि ओहोटी लागली होती.

मेव्हण्यांनी मोटरीची दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला मोटर सुरू झाली. दहा मिनिटे छान चालली आणि मग तिचा आवाज खाली बसू लागला. मेव्हण्यांनी मूठ पिळून पेट्रोल वाढवले, तशी ती आणखीच दमली, दोनदा खोकली आणि बंद पडली. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, दोन मिनिटे चालली, पुन्हा बंद.

"भावोजी, प्लग गेला असणार. तो पाना द्या बघू!" मेव्हणे म्हणाले.

मीही बाह्या सरसावल्या. दोघांनी झाकण काढले, प्लग काढला, पुसला, उजेडात धरून पाहिला. प्लग बिचारा स्वच्छ होता. आता कार्बोरेटर उघडावा काय, यावर आमचा वाद रंगात आला असताना भाची म्हणाली, "बाबा, मघाशी तो बोया किती लांब होता! आता त्याच्यावर बसलेला पक्षी दिसतोय."

आम्ही वर पाहिले. ओहोटी आम्हाला गुपचूप नैऋत्येकडे ओढून नेत होती. त्या बोयापलीकडे मोठ्या जहाजांची वाट, आणि दूरवरून एक कंटेनरवाहू जहाज येताना दिसत होते. असली जहाजे मनात आणले तरी चटकन थांबत नाहीत, आणि अरुंद वाटेत त्यांना वळायलाही जागा नसते. मेव्हण्यांच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी धावत जाऊन नांगर टाकला आणि खोलीच्या पाचपट दोर सोडला. नाव गिरकी घेऊन थांबली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तोवर आम्ही दुरुस्ती करीत नव्हतो, नुसते वाहत चाललो होतो.

आता सौ. पुढे सरकली. टाकीपासून मोटरीपर्यंत जी रबरी नळी जाते, तिच्यात मधोमध एक फुगा असतो. तो दाबून पहिले पेट्रोल पुढे ढकलायचे असते. तो फुगा हातात घेऊन ती म्हणाली, "अहो, हा असा चपटा का झालाय?" आणि थोड्या वेळाने, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट येतं का?"

मेव्हणे आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक लहानसा स्क्रू असतो. तो घट्ट बंद होता. पेट्रोल संपत गेले तशी टाकीत पोकळी झाली, आणि मोटरीला पेट्रोल ओढता येईना. थांबल्यावर थोडी हवा कशीबशी शिरे, म्हणून ती दोन मिनिटे चाले. स्क्रू सैल करताच टाकीने सुस्कारा टाकला आणि फुगा टरारला. मांडव्याला पेट्रोलचा वास येतो म्हणून तो स्क्रू कुणी बंद केला होता? तर या सदराच्या लेखकाने!

त्या दिवसापासून मी एक क्रम पाठ केला आहे. मोटरीचा जोर कमी झाला, तर प्रथम फुगा पाहावा. चपटा असेल, तर दोष टाकीकडे: हवेचा स्क्रू, दुमडलेली नळी, टाकीतली गाळणी. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर बहुधा जोडातून हवा शिरते आहे. घट्ट असूनही मोटर दमत असेल, तर पुढे जावे: गाळणी, कार्बोरेटर, प्लग. मोटरीच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, तीही पाहावी. ती थांबली, तर मोटर तापते आहे. ताबडतोब बंद करावी. मोटर नुसती किंचाळते आणि नाव मात्र जागची हलत नाही, असे झाले तर पंख्याची रबरी बुशी घसरते आहे, किंवा लाटेवर पंखा पाण्याबाहेर येतो आहे. उलट मोटर रडतखडत फिरत असेल, तर पंख्यात जाळे किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असेल. ती काढण्यापूर्वी मोटर बंद करायला विसरू नये.

आणखी एक. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि मोटरीची नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून नाव पावसाळ्यात किनाऱ्यावर चढवून ठेवाल, तेव्हा टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करावे. जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, जशी पूर्वी स्टोव्हच्या निपलमध्ये काजळी बसे. मात्र स्टोव्हला जशी पिन मारीत, तशी इथे तार घालू नये. भोक मोठे होते.

पण या सगळ्याच्या आधी नांगर. वारा असेल तर शीड, नसेल तर नांगर, अंगात जीवरक्षक जाकिटे, आणि पाना त्यानंतर. तेही जमले नाही, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावण्यात कमीपणा मानू नये.

दिवे लागल्यावर आम्ही सुखरूप मुंबईला लागलो. घरी आल्यावर सौ.ने तेलाचा नवा डबा काढला, खिळ्याने दोन भोके पाडली, आणि माझ्याकडे एकदा पाहिले. बोलली काहीच नाही.