न दिसणाऱ्या भागांचा हिशेब

दहावीचा निकाल लागून पुढचा प्रवेश निश्चित झाला की मध्यमवर्गीय घरात एक विषय हमखास निघतो. मुलांसाठी संगणक घ्यायचा, तो कोणता? पेण आणि रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांत या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक म्हणजे हप्त्यावर लॅपटॉप घ्या, आणि दुसरे म्हणजे दुकानदार देईल तो तयार संच उचला. तिसरा मार्ग आहे तो सुटे भाग निवडून डेस्कटॉप जुळवून घेण्याचा. हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा ठरू शकतो. मात्र त्यासाठी आपला पैसा नेमका कुठे जात आहे, हे कुटुंबाला समजलेले असावे लागते.

मोबाईल असताना संगणक हवाच कशाला, असा आक्षेप घेतला जातो. मोबाईलवर धडा पाहता येतो हे खरे. पण प्रकल्पाचा अहवाल लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, आज्ञावली लिहून ती चालवून पाहणे ही कामे बोटभर पडद्यावर होत नाहीत. पाहणारा आणि घडविणारा यांतील अंतर येथेच पडते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉपच सोयीचा, हेही मान्य करायला हवे. परंतु घरी राहून शिकणाऱ्या भावंडांसाठी, आईच्या बचत गटाच्या नोंदींसाठी, वडिलांच्या कार्यालयीन पत्रांसाठी एकच यंत्र घ्यायचे असेल, तर टेबलावरचा संगणक अधिक काळ साथ देतो. त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, गरज वाढली तर तेवढीच भर घालता येते. शिवाय तो बैठकीच्या खोलीत सर्वांच्या नजरेसमोर राहतो, हा लाभही लहान नाही.

पहिल्या खरेदीत चूक होते ती एकाच ठिकाणी. दिसणाऱ्या भागांवर पैसा ओतला जातो आणि न दिसणाऱ्या भागांवर काटकसर केली जाते. काचेची बाजू असलेले कॅबिनेट, त्यातील रंगीत दिवे, खेळांसाठीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यांत अंदाजपत्रकाचा मोठा वाटा संपतो. मग वीजपुरवठा करणारा एसएमपीएस ‘कॅबिनेटसोबत मिळाला तो’ चालवून घेतला जातो. पेणच्या माणसाला यातील विसंगती वेगळी समजावून सांगावी लागू नये. पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत गिऱ्हाईक रंग आणि डोळ्यांची आखणी पाहते. कारागीर मात्र शाडू आतपर्यंत सुकला की नाही हे पाहतो. ओलसर मूर्तीवर कितीही सुरेख रंग चढविला तरी ती पुढे तडकते. संगणकाचेही तसेच आहे.

रायगड जिल्ह्यात तर या न दिसणाऱ्या भागांचे महत्त्व दुप्पट होते. चार महिन्यांचा पाऊस, खाडीकाठची दमट हवा, विजांचा कडकडाट आणि वीजदाबाचे चढउतार हे येथील वास्तव आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब कोसळून अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. नेमक्या त्याच महिन्यात शाळा दूरस्थ पद्धतीने सुरू होत होत्या. वीज आणि शिक्षण यांची गाठ किती घट्ट बसली आहे, याचा धडा रायगडच्या पालकांना त्या वर्षी मिळाला.

म्हणून अंदाजपत्रकाचा आरंभ विजेपासून करावा. भिंतीवरील सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. या कामाला फारसा खर्च येत नाही, तरीही ते बहुधा कुणी करत नाही. त्यानंतर एसएमपीएस. घरगुती संगणकाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरसह साधारण दीडशे वॉटपेक्षा अधिक वीज क्वचितच लागते. म्हणजे मोठ्या आकड्याची गरज नाही. गरज आहे ती खऱ्या आकड्याची. ‘एटी प्लस’ प्रमाणपत्र असलेला साडेचारशे वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरेसा होतो. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळतो तेव्हा अनेकदा एकटा जात नाही, मदरबोर्डही सोबत नेतो. वाचविलेले हजार रुपये अशा वेळी दहा हजारांना पडतात. सहाशे व्हीएचा यूपीएस अशा संचाला पुरतो. त्याचे काम तासभर संगणक चालविण्याचे नाही. वीज गेल्यावर लिहिलेले जतन करून यंत्र नीट बंद करण्याइतकी उसंत त्याने दिली की पुरे.

आता प्रोसेसर. येथे नावांचा भूलभुलैया आहे. ‘आय-फाइव्ह’ एवढे ऐकून जुना संच घेणारे पुष्कळ आहेत. परंतु २०१२ च्या सुमाराचा आय-फाइव्ह आणि २०२२ च्या आरंभी आलेला आय-थ्री १२१०० यांची तुलना केली, तर धाकटे नाव लावणारा नवा प्रोसेसर जुन्याला सहज मागे टाकतो. नावापेक्षा पिढी पाहावी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपूर्वीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, हे कार्यालयांतून निघालेले जुने संच घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. दुसरा खड्डा एका अक्षराचा आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते. स्वतंत्र कार्डावाचून पडदा काळाच राहतो. ‘एफ’ नसलेला १२१०० किंवा एएमडीचा २०२१ मधील रायझन ५ ५६००जी घेतला, तर कार्डाचा खर्च पूर्णपणे वाचतो आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांपर्यंतची बहुतेक कामे निर्वेध होतात.

मदरबोर्ड निवडताना तीन गोष्टी जुळायला हव्यात. प्रोसेसर बसण्याची खाच, रॅमची जात आणि पुढे भर घालण्यासाठी मोकळी जागा. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. रॅमच्या समान क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने अधिक वेगाने काम करतात. तथापि २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली आणि जगभर रॅमचे भाव भडकले. अशा वेळी ओढाताण करण्यापेक्षा आठ जीबीची एक पट्टी आज घ्यावी आणि दुसरीसाठी जागा राखून ठेवावी, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. साठवणुकीसाठी मात्र एसएसडीच घ्यावी. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर आल्याने जो फरक जाणवतो, तो महागडा प्रोसेसर घेऊनही जाणवत नाही.

खरेदी कोठून करावी? पेण वा रोह्याहून निघून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग काहीसे स्वस्त मिळतात. पण दोन-तीन वर्षांच्या हमीच्या काळात एखादा भाग बंद पडला तर पुन्हा मुंबईची वारी करावी लागते, हा खर्चही हिशेबात धरायला हवा. गावातील दुकानदार थोडे अधिक घेऊन प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक असलेले पक्के बिल देणार असेल, तर तो अधिकचा पैसा वाया जात नाही. ‘सीपीयू संच’ एवढाच मोघम उल्लेख असलेले बिल मात्र स्वीकारू नये.

आणखी एका न दिसणाऱ्या गोष्टीची येथे चर्चा व्हायला हवी, ती म्हणजे सॉफ्टवेअर. चोरीची प्रत ‘टाकून’ देण्याचा रिवाज इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असे कुणाला वाटतही नाही. शिक्षणाच्या साधनाची सुरुवातच फुकटच्या चोरीने करायची आणि त्याच मुलाला सचोटीचे धडे द्यायचे, हे कसे जुळणार? पैसे नसतील तर लिनक्स आहे, सी-डॅकने विकसित केलेले ‘बॉस’ आहे, लिबरऑफिस आहे. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखनाची सोय त्यांत उपलब्ध आहे. हे सर्व मोफत आहे आणि सन्मानाने वापरता येते.

परक्या देशांत बनलेले भाग जोडण्यात स्वदेशी ते काय, असा प्रश्न काही जण विचारतील. त्याचे उत्तर पुण्याच्या इतिहासात सापडते. अमेरिकेकडून महासंगणक मिळविण्यात अडथळे आले, त्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्या गाभ्यातील ट्रान्सप्युटर चिप ब्रिटिश कंपनीच्या होत्या. भारतीय होती ती रचना, जोडणी आणि ते सर्व चालविणारी आज्ञावली. चिप आपल्याकडे बनायला हव्यातच, आणि त्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण चिप येईपर्यंत बुद्धी स्वस्थ बसली नाही, हा ‘परम’चा खरा बोध आहे. जुळणी हे दुय्यम काम नव्हे. कोणता भाग कशासाठी आहे, हे ज्याला कळते तोच पुढे नवा भाग घडवू शकतो.

म्हणूनच घरातील पहिला संगणक दुकानातून बंद खोक्यात न आणता त्याची यादी घरी बसून करावी. एका कागदावर प्रत्येक भाग, त्याचे कारण आणि किंमत मुलांनी लिहावी. वडीलधाऱ्यांनी प्रत्येक ओळीवर ‘हे कशाला?’ एवढेच विचारावे. ज्या ओळीचे उत्तर मिळणार नाही ती खोडावी. यंत्र जुळविले जात असताना मुलामुलींना दुकानदाराशेजारी उभे राहू द्यावे, चार स्क्रू त्यांच्या हातून बसू द्यावेत. आठ-दहा वर्षांनी ते यंत्र भंगारात जाईल. विचारपूर्वक खर्च करण्याची आणि उघडून पाहण्याची सवय मात्र त्या मुलांजवळ आयुष्यभर राहील.