पाणपोई आणि तिच्यावरचा फलक

चैत्राचे ऊन तापू लागले की सोलापूर परिसरातील रस्त्यांच्या कडेला पाणपोया उभ्या राहतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वर पत्र्याचे वा कडब्याचे छप्पर आणि त्यावर 'यांच्या स्मरणार्थ' असा फलक. फलकावर वृद्ध आईवडिलांचे नाव असले, तर पांथस्थ ते वाचतो आणि पाणी पिऊन पुढे जातो. परंतु नावामागे 'कुमार' किंवा 'बाळ' असा शब्द दिसला की ओठाशी नेलेला पेला क्षणभर थबकतो. वडिलांच्या मागे मुलाने काय करावे, हे आपल्या परंपरेने तपशीलवार सांगून ठेवले आहे. मुलाच्या मागे आईबापांनी काय करावे, याबाबत मात्र ती बहुतांशी मौन पाळते. ते मौन अशा कुटुंबांना स्वतःच्या बुद्धीने भरून काढावे लागते.

एकेकाळी हे दुःख घरोघरचे होते. १९७१ च्या सुमारास देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हे प्रमाण २८ वर आले, महाराष्ट्रात तर १६ वर. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि तिची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जे दुःख पूर्वी शेजारणीलाही ठाऊक असे, ते आता ज्याच्या वाट्याला येते त्याला अधिक एकाकी करते. म्हणूनच अशा स्मृतीचे समाजाने काय करावे, हा प्रश्न केवळ खासगी राहत नाही.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग या गावाला या प्रश्नाच्या संदर्भात एक वेगळे महत्त्व आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले आणि दलित वस्तीतील विहिरीचे पाणी प्याले. ती विहीर गावाने आजही आठवणीत जपली आहे. बाबासाहेबांनी आपल्या पाच अपत्यांपैकी चार गमावली होती. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडणे हा त्या लढ्यावर अन्याय होईल; त्याची कारणे शतकांची होती. परंतु ज्या पित्याच्या घरातले चार पाळणे रिकामे झाले, त्याने इतरांच्या मुलांना सन्मानाने पाणी मिळावे म्हणून आयुष्य वेचले, एवढी वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. त्याने मुलांच्या नावाचा फलक कोठे लावला नाही.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून थेट आहे. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. योग्य वैद्यकीय मदत न मिळण्याचा तो अनुभव त्यांच्या वैद्यकशिक्षणाच्या निश्चयामागे होता. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बाविशी पुरी होण्यापूर्वीच निवर्तल्या. मूल गेले, एवढ्यावर न थांबता ते का गेले, असा प्रश्न त्यांनी विचारला. आपल्या काळात मुंबईच्या दादाराव बिल्होरे यांनीही तेच केले. २०१५ च्या जुलैत रस्त्यावरील खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. भाजीविक्रीवर गुजराण करणाऱ्या या गृहस्थाने त्यानंतर स्वतःच्या हातांनी शेकडो खड्डे बुजविले. त्यासाठी लागली ती थोडी खडी, थोडी माती आणि रोजच्या कष्टांतून काढलेला वेळ.

या उदाहरणांतून एक व्यावहारिक विचार निघतो आणि तो अर्थशास्त्राला परका नाही. दानाचे दोन प्रकार असतात. एक भांडवली, म्हणजे कमान, वर्गखोली, पाण्याची टाकी. दुसरे आवर्ती, म्हणजे टाकी धुणाऱ्याचा पगार, ग्रंथालयातली नवी पुस्तके, शाळेतल्या मुलीचे बसभाडे. आपल्याकडे स्मारकाचा ओढा स्वाभाविकपणे पहिल्याकडे असतो, कारण दगडावर नाव कोरता येते, बसभाड्यावर येत नाही. परंतु गावोगावच्या शाळांना अडचण पडते ती बहुधा दुसऱ्या खर्चाची. पाणपोईतही रांजण एकदाच घ्यावा लागतो, पाणी मात्र रोज भरावे लागते.

शाळा-महाविद्यालयांतील स्मृतिपारितोषिकांची स्थितीही हेच सांगते. कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून बक्षीस द्यायचे, ही पद्धत सोपी आहे; पण भाववाढ सालाना ६ टक्के धरली, तर बारा वर्षांत रुपयाची क्रयशक्ती निम्मी होते आणि चोवीस वर्षांत पाव उरते. ज्या रकमेत एकेकाळी वर्षभराची पुस्तके येत, तिच्यात पुढे एक वहीदेखील येईनाशी होते आणि मुलाचे नाव एका केविलवाण्या पाकिटावर उरते. म्हणून व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा, बक्षीस रोख न ठेवता 'वर्षाची क्रमिक पुस्तके' अशा वस्तुरूपात ठरवावे आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार व्हावा. एवढी दक्षता देणाऱ्याने आणि घेणाऱ्या संस्थेने मिळून घेतली, तर नाव आणि उपयोग दोन्ही टिकतील.

येथे एक इशारा आवश्यक आहे. बापाने खड्डा बुजविला म्हणजे तो बुजविण्याची नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. शोकाकुल कुटुंबाच्या त्यागाचे कौतुक करून आपल्या कसुरीवर पांघरूण घालणे, ही सार्वजनिक यंत्रणांची जुनी खोड आहे. अशा दानाचा खरा मान राखायचा, तर ज्या कारणाने ते मूल गेले ते कारण दूर करणे, हाच मार्ग आहे.

आणि शेवटी घर. पुष्कळ घरांत गेलेल्या मुलाचे नाव उच्चारणेच बंद होते. आईला त्रास नको, हा हेतू चांगला असतो. परंतु त्या मौनात आई अधिकच एकटी पडते. याउलट मागे राहिलेल्या भावंडाने जन्मभर त्या सावलीत वाढावे, हेही न्याय्य नव्हे. गेलेल्याच्या वाढदिवशी एखाद्या मुलाला दप्तर द्यावे, देताना ते धाकट्याच्या हातून द्यावे, संध्याकाळी जेवताना त्या मुलाची एखादी खोडी हसत आठवावी, इतके साधे काही पुष्कळदा मोठ्या देणगीहून अधिक आधार देते. ज्यांच्याजवळ पैसा नाही, त्यांनाही हे करता येते.

पाणपोईवरचा फलक दोन पावसाळ्यांत पुसट होतो. तरीही सकाळी कोणी घागर आणून रांजण भरत असेल, तर उन्हातून आलेल्या वाटसरूला ते नाव वाचता येवो न येवो, त्याची तहान भागते.