अंड्याची टरफले आणि गुलाबाची कुंडी

सकाळच्या वेळी कोल्हापुरातल्या एखाद्या गल्लीतून चक्कर मारा. कुठल्या तरी घराच्या कट्ट्यावर गुलाबाची कुंडी दिसेल आणि तिच्या मातीवर अंड्याची फुटकी टरफले पालथी घातलेली असतील. विचाराल तर उत्तर ठरलेले : "त्यातून झाडाला कॅल्शियम मिळते."

मला हे उत्तर पटत नाही. टरफलात कॅल्शियम असते, याबद्दल वाद नाही. एका टरफलाचे वजन सुमारे ५ ते ६ ग्रॅम भरते आणि त्याचा जवळजवळ ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडीचा दगडही त्याचाच बनलेला. पण झाडाची मुळे काही दगड चावत नाहीत! पाण्यात जे विरघळेल तेवढेच ती शोषून घेतात. कॅल्शियम कार्बोनेट साध्या पाण्यात फारच थोडे विरघळते. त्याला आम्ल लागते.

टरफल मातीत किती काळ टिकू शकते, ते पाहायचे असेल तर जळगाव जिल्ह्यात चला. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. तेथे शहामृगाच्या अंड्याच्या टरफलाचे तुकडे मिळाले. एकावर तर माणसाने कोरलेली नक्षी होती. वय सुमारे २५,००० वर्षे! शहामृगाचे टरफल कोंबडीच्या टरफलापेक्षा पुष्कळ जाड असते हे खरे, पण पदार्थ तोच. मग आपल्या कुंडीतले तुकडे येत्या हंगामात विरघळतील, अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

ते मातीवर अवलंबून आहे, आणि येथे आपला जिल्हा मोठा मजेदार आहे. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पाण्याने मातीतला चुना धुपून जातो आणि मागे राहते ती तांबडी, आम्लधर्मी माती. पूर्वेला शिरोळकडे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. तिथल्या काळ्या मातीत चुना तसाच साचून राहतो. ढेकूळ फोडले तर चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. असल्या मातीत टरफले टाकणे म्हणजे मिठागरात मीठ नेऊन ओतणे.

चुना फार झाला की मातीतले लोह झाडाला घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळे पडते. उसावर असे झाले की आपले शेतकरी "केवडा पडला" म्हणतात. गुलाबालाही हे होते. अशा वेळी घरातली मंडळी आणखी टरफले घालतात! चार टरफलांनी झाड मरणार नाही, पण आपण काही उपाय केला या समाधानात शेणखत मात्र राहून जाते. माझी खरी तक्रार ही आहे. टोमॅटोचे बूड काळे पडते तेव्हाही हाच प्रकार. तेथे फळाला कॅल्शियम कमी पडते खरे, पण बहुधा दोष असतो तो कधी कोरडे तर कधी चिंब, अशा पाणी घालण्याचा.

आणि तांबडी माती असेल तर? मग थोडा उपयोग आहे. पण हिशेब करून पाहा. आम्ल जमिनीला हेक्टरी २ टन चुना द्यायचा म्हटले, तर एका चौरस मीटरला २०० ग्रॅम झाला, म्हणजे सुमारे ४० अंडी. शिवाय टरफले धुऊन, वाळवून, खलबत्त्यात पिठासारखी कुटायला हवीत. तुकडा जितका बारीक, तितके ते लवकर विरघळते.

तेव्हा आधी मातीलाच विचारा. चमचाभर माती बशीत घेऊन पाण्याने भिजवा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग तीवर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाका. शेजारी टरफलाचा एक तुकडा ठेवून त्यावरही टाका, म्हणजे फेस कसा येतो ते कळेल; तो कार्बन डायऑक्साइड वायू. माती फसफसली तर तिच्यात चुना भरपूर आहे, टरफले सरळ खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. फसफसली नाही तर खलबत्ता काढायला हरकत नाही. आणि हो, तुमच्या गावचे नाव, मातीचा रंग आणि फेस आला की नाही, हे आम्हाला पोस्टकार्डावर लिहून कळवा.